केस नेमकी कुणाकडे? सेल्सफोर्समध्ये क्यू लावण्याची सविस्तर रीत

ग्राहकांच्या तक्रारी एकाच सामायिक मेलबॉक्समध्ये येत असतील तर दोन गोष्टी हमखास घडतात. एका ग्राहकाला दोघं जण दोन वेगळी उत्तरं पाठवतात, आणि दुसऱ्याला कुणीच काही पाठवत नाही, कारण प्रत्येकाला वाटतं की तो मेल दुसऱ्याने घेतला असेल. टीम चार-पाच जणांची असेपर्यंत हे हाकेवर निभावतं: "अगं, ती नाशिकची लीकेजची केस तू बघतेयस ना?" माणसं पंधरा-सोळा झाली आणि दुसरी शिफ्ट सुरू झाली, की हाका मारून भागत नाही.

क्यू, म्हणजे एका टीमच्या कामांची सामायिक रांग, ही सोय यासाठीच आहे. सेल्सफोर्स या सॉफ्टवेअरच्या ग्राहकसेवेच्या भागात, म्हणजे सर्व्हिस क्लाउडमध्ये, क्यू कसे ठरवायचे, कसे बनवायचे, केसेस (नोंदवलेल्या तक्रारी) त्यांत आपोआप कशा पाडायच्या आणि पुढे माणसांपर्यंत कशा पोचवायच्या, हे इथे क्रमाने सांगतो. हाताशी सेल्सफोर्सऐवजी दुसरं सॉफ्टवेअर असेल तरी पहिला भाग जसाच्या तसा लागू पडेल.

एक मूलभूत गोष्ट आधी पक्की करून घ्या. सेल्सफोर्समध्ये प्रत्येक केसला एका वेळी एकच ओनर असतो, आणि तो एकतर माणूस असतो किंवा क्यू. ओनर क्यू असेल तर टीम ठरली आहे पण काम अजून कुणी हातात घेतलेलं नाही. ओनर माणूस असेल तर उत्तर त्या माणसाने द्यायचं. रेकॉर्डच्या आत डोकावायची सवय असेल तर ओनर आयडी बघा: ००५ ने सुरू होत असेल तर यूजर, ००जी ने सुरू होत असेल तर क्यू. एखादी केस कुठे अडकली हे शोधताना ही खूण फार कामाला येते.

आधी कागद, मग कॉम्प्युटर

बहुतेक ठिकाणी क्यू बनवायला बसलेला माणूस तक्रारींच्या विषयांची यादी समोर घेतो आणि प्रत्येक विषयाला एक क्यू देऊन मोकळा होतो. इथेच पुढच्या वर्षभराच्या डोकेदुखीचा पाया घातला जातो. विषय नोंदवायला केसवर 'टाइप' आणि 'केस रीझन' ही फील्ड्स आहेतच. क्यू पाडायचा तो काम कोण करतं यावरून.

उदाहरण घेऊ. समजा, घरगुती वॉटर प्युरिफायर ऑनलाइन विकणारी एक कंपनी आहे. सपोर्ट टीम पुण्यात, ग्राहक महाराष्ट्र, गोवा आणि कर्नाटकात. विषयांची यादी अशी निघते: इन्स्टॉलेशन, पाणी गळतंय, पाण्याला वास येतोय, फिल्टर बदलायचाय, एएमसीचं नूतनीकरण, रिफंड, बिलात चूक, पार्सल फुटून आलं, मशीनला हात लावला की झिणझिण्या येतात. विषयागणिक गेलो तर नऊ क्यू.

आता प्रत्येक विषयापुढे लिहा: हे कोण सोडवतं? इन्स्टॉलेशन, गळती, वास आणि फिल्टर या चारही गोष्टींत शेवटी टेक्निशियनची व्हिजिट लावायची असते आणि ती लावणारी माणसं तीच. मग तो एक क्यू झाला. एएमसी, रिफंड आणि बिल अकाउंट्सकडची दोन माणसं बघतात, दुसरा क्यू. फुटलेल्या पार्सलसाठी कुरिअरशी बोलणारा एक जण आहे, पण तो व्हिजिटच्या टीममध्येच बसतो; वेगळा क्यू नको. शॉक लागण्याची तक्रार मात्र वेगळी काढायची. कारण तिथे माणसं वेगळी आहेत असं नाही, तर ती केस इतरांच्या मागे पाच मिनिटंही उभी राहता कामा नये. शिवाय तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे येणाऱ्या औपचारिक तक्रारी, कारण त्यांना कायद्याची मुदत आहे (त्याबद्दल पुढे). आणि कशातच न बसणाऱ्यांसाठी एक छाननी क्यू. झाले पाच.

क्यू कमी ठेवायला गणिताचाही आधार आहे. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या ए. के. एरलांग यांनी १९०९ पासून फोन कॉल्सच्या रांगांचा अभ्यास मांडला. कॉल सेंटरला किती माणसं लागतील याचे हिशेब आजही त्यांच्या सूत्रांवर चालतात. त्यातलं एक छोटं उदाहरण करून बघा. दोन एजंट, दोन वेगळे क्यू. प्रत्येक क्यूत ताशी सरासरी ४ केसेस येतात आणि एक केस हातावेगळी करायला सरासरी १२ मिनिटं लागतात. येण्याची आणि सोडवण्याची वेळ नेहमीसारखी अनियमित धरली, तर केस हातात घेतली जाण्याआधी सरासरी ४८ मिनिटं थांबते. आता तेच दोन एजंट, त्याच ८ केसेस, पण क्यू एकच. थांबण्याची सरासरी वेळ येते सुमारे २१ मिनिटं. माणूस वाढवला नाही, कामाचा वेग वाढवला नाही, नुसती मधली भिंत काढली. रेल्वेच्या आरक्षण केंद्रात प्रत्येक खिडकीपुढे वेगळी रांग असली की आपली रांग हटकून हलत नाही आणि शेजारची खिडकी रिकामी होते, तोच हा प्रकार.

म्हणून नवा क्यू मागणाऱ्याला मी दोनच प्रश्न विचारतो. यातल्या केसेस सोडवणारी माणसं वेगळी आहेत का? किंवा यांची घाई इतकी वेगळी आहे का, की इतरांबरोबर उभ्या केल्या तर नुकसान होईल? दोन्हींना 'नाही' असेल तर क्यू नको, लिस्ट व्ह्यू बनवा. एकाच क्यूवर 'फक्त फिल्टरच्या केसेस', 'फक्त गोव्याच्या केसेस' असे हवे तेवढे व्ह्यू काढता येतात.

भाषेचा प्रश्न जरा नाजूक आहे. कन्नड बोलणारे दोघंच असतील आणि कन्नड क्यू वेगळा काढला, तर ते दोघं एकाच दिवशी सुट्टीवर गेले की कर्नाटकच्या ग्राहकांना वाली उरत नाही. भाषा कौशल्य म्हणून नोंदवून स्किल्स-बेस्ड रूटिंग वापरणं जास्त सोयीचं. ते करायची तयारी नसेल तर वेगळा क्यू काढा, पण त्यात तिसरं, दुभाष्याच्या मदतीने निभावून नेणारं एक नाव घालाच.

पायरी १: माणसांचे गट

क्यूत एकेका माणसाचं नाव घालू नका. सेटअपमध्ये 'पब्लिक ग्रुप्स' मध्ये जाऊन 'व्हिजिट टीम', 'अकाउंट्स सपोर्ट' असे गट बनवा आणि क्यूचा सभासद म्हणून गट जोडा. माणसं येतात-जातात. नवीन मुलगी रुजू झाली की एका गटात नाव घातलं की झालं. नाहीतर पाच क्यू उघडून पाच ठिकाणी शोधत बसा. क्यूत रोल किंवा 'रोल अँड सबऑर्डिनेट्स' सुद्धा जोडता येतात, पण रोलची रचना एचआर बदलतं आणि तुम्हाला कळवत नाही, हे लक्षात असू द्या.

पायरी २: क्यू बनवणे

हे सगळं आधी सँडबॉक्समध्ये (सिस्टीमच्या सरावासाठीच्या वेगळ्या प्रतीत) करा. सेटअप उघडा, डावीकडच्या शोधपट्टीत क्यूज टाइप करा, 'न्यू' दाबा. मग क्रमाने:

लेबलमध्ये वाचल्याबरोबर कळेल असं नाव द्या. 'सपोर्ट – सेवा व्हिजिट', 'सपोर्ट – पैसे', 'सपोर्ट – सुरक्षा', 'सपोर्ट – तक्रार निवारण', 'सपोर्ट – छाननी'. सुरुवातीचा शब्द सारखा ठेवला की यादीत सगळे शेजारी-शेजारी येतात. लेबल मराठीत चालतं. त्याखालचं 'क्यू नेम' मात्र सिस्टीमसाठी असतं, तिथे रोमन अक्षरं, अंक आणि अंडरस्कोअर एवढंच. माणसाचं नाव क्यूला कधीच देऊ नका. ती व्यक्ती नोकरी सोडून गेल्यावरही तिच्या नावाचा क्यू मागे राहतो.

'क्यू ईमेल' ही जागा दिसायला साधी पण फसवी आहे. ती कोरी ठेवली तर क्यूत केस पडल्याची सूचना प्रत्येक सभासदाला जाऊ शकते. पत्ता दिला तर त्या एका पत्त्यावर जाते, आणि 'सेंड ईमेल टू मेंबर्स' वर टिक केली तर सगळ्यांनाही जाते. रोज शंभर केसेस येणाऱ्या क्यूत बारा जणांना शंभर-शंभर मेल गेले, की चौथ्या दिवशी सगळेच त्या मेलसाठी इनबॉक्समध्ये वेगळा फोल्डर करतात आणि तो उघडत नाहीत. माझा सल्ला: मोठ्या क्यूला टीम लीडचा सामायिक पत्ता द्या, टिक काढून टाका. सुरक्षा क्यूला मात्र टिक ठेवा. तिथे महिन्याला मोजक्या केसेस येतील आणि प्रत्येकीसाठी सगळ्यांचे फोन वाजलेच पाहिजेत.

'सपोर्टेड ऑब्जेक्ट्स' मध्ये 'केस' उजवीकडे सरकवा. 'क्यू मेंबर्स' मध्ये तुमचा पब्लिक ग्रुप. सेव्ह करा.

सेव्ह केल्याबरोबर त्या क्यूच्या नावाचा लिस्ट व्ह्यू केसेसच्या टॅबमध्ये आपोआप तयार होतो. तो आहे तसा सोडू नका. केस नंबर, विषय, प्रायॉरिटी, स्टेटस, ओरिजिन (केस कुठल्या वाटेने आली ते) आणि उघडल्याची तारीख एवढे स्तंभ ठेवा, आणि यादी तारखेनुसार लावा, सर्वांत जुनी वर. सर्वांत नवी वर ठेवली तर सगळे ताज्या केसेस उचलतात आणि तळाच्या तळाशीच मुरत राहतात.

क्यू बनवला म्हणजे बाकीच्यांपासून केसेस लपल्या, असं समजू नका. ते ऑर्ग-वाइड डिफॉल्टवर, म्हणजे कुणाला कुणाचे रेकॉर्ड दिसावेत याच्या कंपनीभरच्या मूळ सेटिंगवर, ठरतं. केससाठी ते 'प्रायव्हेट' असेल तर क्यूचे सभासद आणि रोलच्या उतरंडीत त्यांच्यावर असलेले लोक केस बघू आणि घेऊ शकतात. 'पब्लिक रीड/राइट/ट्रान्सफर' असेल तर कुणीही कुठल्याही क्यूमधली केस स्वतःच्या नावावर करू शकतो, मग सभासदत्वाला फारसा अर्थ उरत नाही. रिफंडच्या केसमध्ये ग्राहक बँक खात्याचा तपशील लिहून पाठवतात, तेव्हा हा निर्णय सहज घेण्यासारखा नाही.

पायरी ३: बेवारस केसेसची सोय

कुठल्याच नियमात न बसलेली केस कुठे जाते? 'सपोर्ट सेटिंग्ज' मध्ये 'डिफॉल्ट केस ओनर' म्हणून जे नाव असेल तिकडे. बऱ्याच ठिकाणी तिथे सिस्टीम पहिल्यांदा उभी केली त्या अ‍ॅडमिनचं नाव असतं आणि त्याच्या खात्यात शेकडो केसेस साचलेल्या असतात, ज्यांचा त्याला पत्ताही नसतो. तिथे छाननी क्यू लावा. आणि छाननीसाठी रोजच्या रोज एक माणूस नेमा, नावानिशी. 'सगळ्यांनी मिळून बघायचं' असं ठरलं की कुणीच बघत नाही, हे वेगळं सांगायला नको.

पायरी ४: असाइनमेंट रूल्स

आता केसेस आपोआप योग्य क्यूत पाडायच्या. सेटअपमध्ये 'केस असाइनमेंट रूल्स'. रूल कितीही बनवा, एका वेळी सक्रिय एकच राहतो. त्याच्या आत नोंदी असतात, त्या वरून खाली तपासल्या जातात आणि पहिली जुळली की पुढचं बघितलं जात नाही. सगळी गंमत या क्रमात आहे. आपल्या कंपनीसाठी मी असा क्रम लावीन:

१. प्रायॉरिटी 'तातडीची' किंवा टाइप 'शॉक / विजेचा धोका' असेल तर सुरक्षा क्यू.
२. ओरिजिन 'तक्रार निवारण मेल' असेल तर तक्रार निवारण क्यू.
३. टाइप रिफंड, बिल किंवा एएमसी असेल तर पैसे क्यू.
४. टाइप इन्स्टॉलेशन, गळती, वास, फिल्टर किंवा पार्सल असेल तर सेवा व्हिजिट क्यू.

उरलेलं छाननीत. शॉकची नोंद चौथ्या क्रमांकावर ठेवली असती तर काय झालं असतं बघा: 'शॉक लागला, पैसे परत द्या' असा रिफंडचा फॉर्म भरणाऱ्या बाईंची केस मुकाट्याने अकाउंट्सकडे गेली असती आणि मशीन तसंच प्लगमध्ये राहिलं असतं. अर्थात टाइपमध्ये फक्त 'रिफंड' आलं तर पहिली नोंदही तिला पकडणार नाही. म्हणून वेब फॉर्मवर 'विजेचा धक्का जाणवतो का?' असा हो-नाहीचा वेगळा प्रश्न ठेवा आणि पहिल्या नोंदीत तेही फील्ड घ्या.

विषयातल्या शब्दांवरून नियम लावायचा मोह होतो. विषयात अमुक शब्द असेल तर तमुक क्यू. इंग्रजीत लिहिणाऱ्या ग्राहकांसाठी हे काही अंशी चालतं. आपल्याकडे अर्धे लोक रोमन लिपीत मराठी लिहितात आणि 'पाणी' हा एक शब्द चौघांनी चार तऱ्हांनी लिहिलेला असतो. त्यातून 'रिफंड नको, फिल्टरच बदलून द्या' असा विषय आला की केस अकाउंट्सच्या क्यूत जाऊन पडते. फॉर्मवर ड्रॉपडाउन द्या, मेलसाठी वेगवेगळे पत्ते द्या. शब्दांच्या नियमांवर कमीत कमी विसंबा.

मेलच्या पत्त्यांबद्दल एक बारकावा. ईमेल-टू-केसमध्ये (आलेल्या मेलची आपोआप केस बनवणारी सोय) प्रत्येक रूटिंग अ‍ॅड्रेसला स्वतःची प्रायॉरिटी, ओरिजिन आणि केस ओनर देता येतो. ओनर तिथेच भरला तर केस थेट त्याच्याकडे जाते. कोरा ठेवला तर असाइनमेंट रूल बघितला जातो, आणि तोही जुळला नाही तर डिफॉल्ट ओनर. 'रूल लावलाय पण चालतच नाही' ही तक्रार आली की आधी ही जागा तपासा. वर्षापूर्वी कुणीतरी तिथे एखादं नाव भरून ठेवलेलं असतं.

रूल कधी चालत नाही हेही माहीत हवं. एजंटने केस हाताने उघडली आणि 'असाइन यूजिंग अ‍ॅक्टिव्ह असाइनमेंट रूल' वर टिक केली नाही, तर केस त्याच्याच नावावर राहते. बाहेरच्या सिस्टीममधून सोप (SOAP) प्रकारच्या एपीआयने (सॉफ्टवेअर-सॉफ्टवेअरमधल्या जोडणीने) केस आली आणि त्यात असाइनमेंट रूलचा हेडर पाठवला नाही, तरी तेच. डेटा लोडरने जुन्या केसेस भरताना सेटिंगमध्ये रूलचा आयडी द्यावा लागतो. टेलिफोन घेणाऱ्या एजंट्सच्या पेज लेआउटवर ती टिक आधीपासूनच लागलेली राहील अशी सोय करता येते; ती करून टाका, म्हणजे आठवण ठेवायला नको.

रूलच्या प्रत्येक नोंदीत ईमेल टेम्प्लेटसाठी जागा असते. सुरक्षा आणि तक्रार निवारण सोडून बाकी ठिकाणी कोरी ठेवा.

तपासताना प्रत्येक वाटेने एक केस आत सोडा: वेब फॉर्म, प्रत्येक मेल पत्ता, हाताने, एपीआय. मग एक मुद्दाम गोंधळाची: टाइप नाही, विषय नाही, नुसता फोटो. ती छाननीत दिसली की पुढे जा.

पायरी ५: उचलायची की ढकलायची?

केस क्यूत पडली. आता ती माणसाकडे जायचे दोन मार्ग. पहिला म्हणजे एजंटने यादी उघडायची, केस निवडायची, 'अ‍ॅक्सेप्ट' दाबायचं. केस त्याच्या नावावर झाली. टीम लहान असेल आणि केसेस वेळखाऊ, तर हे उत्तम. खर्च नाही, सेटिंग नाही.

अडचण माणसाच्या स्वभावाची आहे. 'फिल्टर कधी बदलायचा?' ही केस दहा मिनिटांत मिटते, आणि तीन व्हिजिट होऊनही गळणारं मशीन दोन तास खातं. दिवसाला किती केसेस बंद केल्या यावर कौतुक होत असेल तर लोक काय उचलतील हे सांगायला नको. मेहनती माणसाच्या वाट्याला अवघड केसेस येतात आणि महिनाअखेरीस आकड्यांत तोच मागे दिसतो. क्यूत एक-दोन केसेस नेहमी सगळ्यांत जुन्या म्हणून वर दिसत असतील आणि त्यांच्या खालच्या भराभर हलत असतील, तर हाच प्रकार चालू आहे.

मग दुसरा मार्ग, ऑम्नी-चॅनल. इथे सिस्टीम स्वतः केस एजंटपुढे ढकलते. मांडणी अशी: ऑम्नी-चॅनल सुरू करा, केससाठी 'सर्व्हिस चॅनल' बनवा, मग 'रूटिंग कॉन्फिगरेशन'. त्यात प्रायॉरिटीचा आकडा असतो, लहान आकडा आधी. सुरक्षेला १, तक्रार निवारणाला २, बाकींना ५. केस एजंटची किती क्षमता खाते ते युनिट्समध्ये लिहा. साधी मेल केस १ धरली तर सुरक्षेची ३ धरा. कुणाला द्यायची हेही इथेच: 'लीस्ट अ‍ॅक्टिव्ह' म्हणजे ज्याच्याकडे चालू काम सर्वांत कमी त्याला, 'मोस्ट अ‍ॅव्हेलेबल' म्हणजे ज्याची शिल्लक क्षमता सर्वांत जास्त त्याला. सगळ्यांची क्षमता सारखी असेल तर फरक पडत नाही. नवख्यांना ४ आणि जुन्यांना ८ युनिट्स दिली असतील तर पडतो, आणि तिथे दुसरा पर्याय सरस.

हे कॉन्फिगरेशन क्यूच्या पानावर जाऊन त्याला जोडा. मग 'प्रेझेन्स स्टेटस': उपलब्ध, जेवणाची सुट्टी, ट्रेनिंग. उपलब्ध या स्टेटसला केसचं चॅनल जोडलेलं असायला हवं, आणि ते स्टेटस वापरायची परवानगी एजंटच्या प्रोफाइलला किंवा परमिशन सेटला. यातलं एक जरी राहिलं तरी एजंट हिरवा दिसतो आणि त्याच्याकडे एकही केस येत नाही.

क्षमतेचं मॉडेल निवडताना नीट विचार करा. टॅबवर आधारलेल्या मॉडेलमध्ये एजंटने केसचा टॅब बंद केला की त्याची क्षमता मोकळी झाली असं धरलं जातं. चॅटसाठी ठीक. केस चार दिवस चालते. टॅब बंद केला म्हणून ती संपत नाही. अशा ठिकाणी स्टेटसवर आधारलेलं मॉडेल घ्या, नाहीतर अर्धवट केसेस नावावर साचत जातात आणि सिस्टीम वर आणखी ढकलत राहते.

प्रायॉरिटीचा एक धोका आहे. ऑम्नी-चॅनल आधी प्रायॉरिटी बघतं, मग त्यातली जुनी केस. वरचा क्यू कधी रिकामाच झाला नाही तर खालच्या क्यूकडे कुणी फिरकणार नाही. म्हणून १ आणि २ हे आकडे खरोखर थोड्याच केसेस येणाऱ्या क्यूंना द्या. सेल्सवाल्यांनी 'व्हीआयपी ग्राहकांचा' क्यू मागितला आणि त्यांच्या यादीत निम्मे ग्राहक व्हीआयपी निघाले, तर नम्रपणे नाही म्हणा.

पायरी ६: घड्याळ

एस्कलेशन रूल्स केस किती वेळ पडून आहे ते बघतात आणि ठरलेल्या वेळी कुणाला तरी कळवतात किंवा ओनर बदलतात. असाइनमेंटसारखाच इथेही एका वेळी एकच रूल सक्रिय. वेळ मोजताना 'बिझनेस अवर्स' वापरता येतात, त्यांना सुट्ट्या जोडता येतात. गणेश चतुर्थी, लक्ष्मीपूजन या सुट्ट्या वर्ष सुरू होतानाच भरून टाका.

पण सगळीकडे बिझनेस अवर्स लावू नका. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे ई-कॉमर्स कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याने तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांच्या आत द्यायची असते आणि निवारण एका महिन्यात करायचं असतं. आता सोमवार ते शुक्रवार, सकाळी १० ते संध्याकाळी ७ असे तुमचे बिझनेस अवर्स आहेत आणि ३६ तासांनी इशारा द्यायचा असं तुम्ही लावलंय. शनिवारी संध्याकाळी ७ वाजता तक्रार आली. तिचे ४८ तास सोमवारी संध्याकाळी ७ ला भरतात. सिस्टीम मात्र सोमवारी सकाळी १० पासून दिवसाला ९ तास मोजत बसते आणि इशारा पाठवते गुरुवारी संध्याकाळी ७ ला. या क्यूसाठी चोवीस तास, सातही दिवस असे वेगळे बिझनेस अवर्स बनवा आणि पहिला इशारा २४ तासांवर ठेवा. पोच म्हणून ऑटो-रिस्पॉन्सने केस नंबर जातोच, पण तेवढ्याने पूर्तता झाली का हे कंपनीच्या वकिलांना विचारून घ्या.

इतर क्यूंना दोन टप्पे पुरतात. पहिल्या टप्प्यावर टीम लीडला मेल, दुसऱ्यावर केस लीडच्या नावावर. पाच पातळ्यांची उतरंड रचली तर रोज सकाळी साहेबांच्या इनबॉक्समध्ये ढीग पडतो आणि तो वाचला जात नाही.

पायरी ७: माणसांचे नियम

सॉफ्टवेअरची कामं झाली. आता जे सेटअपमध्ये नाही ते.

रजा. एजंट आठवडाभर गावी गेला की त्याच्या नावावरच्या केसेस क्यूत दिसत नाहीत. त्या त्याच्याच असतात. ग्राहक उत्तर पाठवतो, ते त्या केसवर येऊन बसतं, बघणारं कुणी नाही. दोन दिवसांपेक्षा जास्त रजा असेल तर उघड्या केसेस 'चेंज ओनर' ने क्यूत परत टाकायच्या, हा नियम रजेच्या अर्जाइतकाच पक्का असू द्या. अचानक आजारपण आलं तर हे लीडने करायचं.

टोलवाटोलवी. व्हिजिटवाले म्हणतात पैशाचं आहे, अकाउंट्सवाले म्हणतात आधी मशीन बघा. केसवर 'किती वेळा ट्रान्सफर' असं आकड्याचं फील्ड ठेवा, ओनर बदलला की फ्लोने (सेल्सफोर्समधल्या आपोआप चालणाऱ्या प्रक्रियेने) त्यात एक मिळवा. ट्रान्सफरच्या वेळी कॉमेंट सक्तीची करा, आणि कॉमेंट म्हणजे 'कृपया पाहावे' नव्हे. अशी हवी:

"ग्राहकाशी १२ तारखेला बोललो. दोन व्हिजिट झाल्या, गळती टाकीच्या जोडापाशी, टेक्निशियनने बदलून देण्याची शिफारस केलीय, फोटो जोडलाय. ग्राहकाला बदली मशीन नको, पैसे हवेत. वॉरंटीत आहे. रिफंडला मंजुरी द्यावी; आज ५ पर्यंत फोन करू असं सांगितलंय."

पुढचा माणूस हे वाचून ग्राहकाला पुन्हा पहिल्यापासून विचारत नाही. दोनदा ट्रान्सफर झालेली केस तिसऱ्यांदा हलवायची नाही. दोन्ही लीड बोलून ठरवतील.

ग्राहकाच्या उत्तराची वाट बघत असलेली केस क्यूत परत टाकू नका. ती त्याच एजंटच्या नावावर, स्टेटस 'ग्राहकाकडून प्रतीक्षा'.

पायरी ८: रोज काय बघायचं

सकाळी चहाआधी दोन आकडे: प्रत्येक क्यूत सर्वांत जुनी केस किती तासांची आहे, आणि काल आल्या किती, गेल्या किती. सरासरीपेक्षा सर्वांत जुनी केस जास्त खरं बोलते. सरासरी छान असताना एखादा ग्राहक अकरा दिवस ताटकळत असू शकतो.

जॉन लिटल यांनी १९६१ साली सिद्ध केलेलं एक सूत्र इथे हाताशी असू द्या: सरासरी शिल्लक म्हणजे येण्याचा वेग गुणिले सरासरी मुक्काम. पैसे क्यूत सरासरी ९० केसेस शिल्लक असतील आणि रोज ६० येत असतील, तर एक केस सरासरी दीड दिवस थांबते. ग्राहकाला 'एका दिवसात' असं लिहून पाठवत असाल तर तो शब्द पाळला जात नाही, हे रिपोर्ट न काढताही कळतं.

महिन्यातून एकदा 'केस लाइफसायकल' रिपोर्ट काढा. कुठल्या ओनरकडे आणि कुठल्या स्टेटसला केस किती काळ राहिली ते त्यात दिसतं. बहुतेक वेळा उशीर एजंटच्या कामात नसतो, तो क्यूत उचलण्याआधीच झालेला असतो. तेव्हा दरडावण्याऐवजी शिफ्टची वेळ बदला.

छाननी क्यूचा आकडाही बघत राहा. तो वाढत असेल तर फॉर्मवर एखादा पर्याय कमी आहे किंवा नवीन उत्पादन बाजारात आलंय आणि तुम्हाला कुणी सांगितलेलं नाही.

दुसरं सॉफ्टवेअर असेल तर

मायक्रोसॉफ्टच्या डायनॅमिक्स ३६५ मध्ये क्यू केसचा ओनर नसतो. केस क्यूत गेली की तिची 'क्यू आयटम' अशी वेगळी नोंद होते आणि ती कोण हाताळतंय हे त्या नोंदीवरच्या 'वर्क्ड बाय' मध्ये दिसतं. केसचा ओनर दुसराच कुणी असू शकतो. सेल्सफोर्समधून तिकडे जाणारे इथे गोंधळतात. क्यू पब्लिक आणि प्रायव्हेट अशा दोन तऱ्हांचे असतात. झेनडेस्क आणि चेन्नईत सुरू झालेल्या फ्रेशडेस्कमध्ये हेच काम प्रामुख्याने 'ग्रुप्स' आणि 'व्ह्यूज' करतात. बटणं वेगळी, कागदावरचा पहिला भाग तोच.

क्यू बंद करताना

दर तिमाहीला यादी काढा. ज्या क्यूत महिनाभर काही आलं नाही, किंवा ज्याचे सभासद आणि दुसऱ्या क्यूचे सभासद आता तेच आहेत, तो बंद करा. सरळ डिलीट दाबू नका. आधी त्याच्यातल्या केसेस दुसऱ्या ओनरकडे हलवा. बंद झालेल्या केसेसही बघा, त्यांचाही ओनर तो क्यू असू शकतो. मग असाइनमेंट रूल, एस्कलेशन रूल, ईमेल-टू-केसचे रूटिंग अ‍ॅड्रेस, फ्लो आणि डिफॉल्ट केस ओनर या पाच ठिकाणी त्याचं नाव शोधून काढा. रिपोर्टच्या फिल्टरमध्येही असतं. आठवडाभर सभासद काढून तसाच ठेवा आणि रोज डोकावा. तेवढ्यात एखादी केस येऊन पडली तर कुठलीतरी वाट अजून उघडी आहे. ती सापडल्यावरच डिलीट.